रास का ढासळते?

खळ्यावर धान्याची रास कशी वाढत जाते, हे तुम्ही पाहिले आहे काय? पाहिले नसल्यास एका ताटात मुठीतून कोरडी वाळू हळूहळू सोडून पाहा. प्रथम रास उंच होत जाते. पण तिचा उतार साधारणतः ३० ते ३५ अंशांचा झाला, की वरून पडणारी वाळू तिच्या अंगावरून ओघळू लागते. रास मग रुंद होते, उंचही होते. परंतु तिचा उतार काही अधिक चढा होत नाही. असे का बरे होत असावे?

मिठाच्या खड्यात त्याचे सूक्ष्म कण कवायतीतील मुलांप्रमाणे ओळीने उभे असतात. वाळूच्या राशीतील कण मात्र जत्रेतील गर्दीप्रमाणे कसेही दाटलेले असतात. काचेची आणि मातीची अंतर्रचनाही अशीच विस्कळीत असते. जेथे रचना विस्कळीत, तेथे भाराची वाटणीही सारखी नसते. काही कणांवर फार ओझे येते, तर त्यांच्या शेजारचेच कण जवळजवळ मोकळे राहतात.

राशीचा वरचा थर स्वतःच्या वजनाने सतत खालच्या थरावरून घसरू पाहत असतो. हा जोर वाढला, तरी सारी रास एकदम हलत नाही. जेथे आधार सर्वांत कच्चा असेल, तेथे कणांचा एक लहानसा गट सरकतो. त्याने टाकलेले ओझे शेजाऱ्यांवर पडते. शेजाऱ्यांनी ते पेलले, तर घसरण तेथेच थांबते. ते पेलले नाही, तर तेही सरकतात आणि आपले ओझे पुढच्यांवर लोटतात. ही साखळी कधी चार कणांत संपते, तर कधी राशीची एक बाजूच खाली आणते.

नॉर्वे देशातील ओस्लो येथील शास्त्रज्ञांनी दोन उभ्या काचांमध्ये तांदूळ हळूहळू सोडून अशा घसरणी मोजल्या. त्यांचा हा प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. लांबट दाण्यांच्या राशीत लहान घसरणी पुष्कळ झाल्या, मोठ्या विरळा झाल्या. पण मोठ्या घसरणीला काही निराळे कारण लागत नाही. तिचा आरंभही थोड्याशा दाण्यांपासूनच होतो. मात्र त्या वेळी राशीतील अनेक जागा आधीच सरकण्याच्या बेतात आलेल्या असतात.

डोंगराचा उतार हीदेखील माती व दगड यांची प्रचंड रासच होय. पाऊस मुरला, की माती जड होते आणि कणांमधील पाण्याच्या दाबामुळे त्यांची परस्परांवरील पकड सैल होते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर, मुसळधार पावसानंतर, डोंगराचा कडा कोसळला. दीडशेहून अधिक माणसे त्याखाली मरण पावली.

दरड नेमकी कोणत्या क्षणी कोसळेल, हे आजही अचूक सांगता येत नाही. तथापि जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे व खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, वरून लहान दगड सुटू लागणे, या खुणा पुष्कळदा आधी दिसतात. त्या दिसताच वडीलधाऱ्यांना सांगावे आणि सर्वांनी तत्काळ त्या उतारापासून दूर जावे. आज सुटलेला दगड लहान असेल. पण त्याचा भार कोणावर पडला आहे, हे आपल्याला दिसत नसते.