मेथी आणि चालणे: मधुमेहात हृदयाचे दुहेरी रक्षण

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून लोकलने मुंबई गाठणाऱ्यांना व्यायामाला वेळ उरत नाही. मधुमेह असेल तर हे हृदयाला महागात पडते. वाढलेली साखर रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब करते.

चालताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. भिजवलेल्या मेथीदाण्याचा बुळबुळीत तंतू आतड्यात साखरेचे शोषण मंद करतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मेथीचा हा गुण अभ्यासला आहे. मेथी साखर हळू आत सोडते, चालणे ती खर्च करते.

आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चाला. औषधे मात्र सोडू नका. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मेथीमुळे साखर फार उतरू शकते, म्हणून मेथी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. चालताना अचानक धाप लागली तर लगेच तपासून घ्या. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो.