कॅमेऱ्याची ओळख (लेखांक ९) : रॉ, जेपीजी आणि घसरलेले बोट

गेल्या लेखांकात शटरची गती व भिंगाचे छिद्र यांचा हिशेब मांडताना एक गोष्ट आपण गृहीत धरली होती, ती ही की भिंगातून आत आलेला प्रकाश एकदा टिपला गेला म्हणजे तो आपल्या मर्जीप्रमाणे साठविलाही गेला. वस्तुतः टिपणे आणि साठविणे ही दोन स्वतंत्र कार्ये आहेत, आणि त्यांपैकी दुसऱ्या कार्यासंबंधीचा हुकूम कॅमेऱ्याला कोणी, केव्हा व कोणत्या बटणाने दिला याचा पत्ता हौशी छायाचित्रकाराला पुष्कळदा नसतो. गोंदिया शहराबाहेर परसवाड्याच्या किंवा झिलमिलीच्या तलावाकाठी थंडीच्या पहाटे सारसांच्या जोडीची वाट पाहणारी जी मंडळी दिसतात, किंवा चोरखमाऱ्याच्या दाराने जिप्सीत बसून जी नागझिऱ्यात शिरतात, त्यांच्यापैकी एखाद्याची सबंध सकाळ रॉऐवजी जेपीजीत उतरल्याचे घरी गेल्यावर संगणकापुढे उघडकीस येते, आणि मग कॅमेरा बिघडला असा निष्कर्ष काढून तो दुरुस्तीच्या दुकानात पाठविला जातो. दुकानदाराला त्यात बिघाड सापडत नाही, कारण बिघाड नसतोच.

हा घोटाळा सर्वस्वी नव्या काळाचा आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते त्या काळी जंगलात कॅमेरा घेऊन येणारा मनुष्य घरूनच रोल भरून येत असे. रोल कृष्णधवल की रंगीत, स्लाइडचा की निगेटिव्हचा, हा निर्णय रोल भरतानाच होऊन जाई आणि छत्तीस चित्रे संपेपर्यंत बोट कोठेही घसरले तरी त्यात तिळमात्र फरक पडत नसे. योगायोग असा की ज्या १९७५ साली नवेगावच्या जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, त्याच साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. अवघ्या दहा हजार बिंदूंचे एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरविण्यास त्या यंत्राला तेवीस सेकंद लागत. त्या यंत्राच्या वंशजांत आज शेकडो पर्याय एकाच चकतीत आणि दहा-बारा बटणांत कोंबलेले असतात, आणि स्वातंत्र्य जेथे वाढते तेथे अनवधानालाही वाव वाढतोच.

आता रॉ म्हणजे काय, याचा थोडा खोलात जाऊन विचार केला पाहिजे. कॅमेऱ्यातील संवेदक रंग पाहत नाही. त्याचा प्रत्येक बिंदू केवळ किती प्रकाश आपल्यावर पडला एवढे मोजतो. कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट मिळविलेल्या युक्तीनुसार या बिंदूंवर लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी बसविलेली असते. प्रत्येक चार बिंदूंमागे दोन हिरवे, एक लाल व एक निळा असे तिचे प्रमाण असून, त्यामुळे प्रत्येक बिंदूजवळ तीन रंगांपैकी एकाचीच नोंद असते आणि उरलेले दोन शेजाऱ्यांच्या नोंदींवरून अनुमानाने भरावे लागतात. रॉ फाइलमध्ये ही अनुमाने झालेली नसतात. तिच्यात असते ती केवळ मूळ मोजदाद, आणि तीही चौदा बिटांची असल्यास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्यांची. सारस हा उभा राहिला तर माणसाच्या उंचीला येणारा, राखी अंगाचा व लाल डोक्या-मानेचा पक्षी. तो धानाच्या बांधीत धुक्यामागे उभा असता त्याच्या राखी पिसांतील सूक्ष्म छटा आणि मागच्या धुक्याचा पांढुरकेपणा यांतील तफावत टिकवावयाची, तर या पायऱ्यांची श्रीमंती उपयोगी पडते. शिवाय पहाटेच्या निळसर प्रकाशाचा रंगतोल कॅमेऱ्याने चुकीचा धरला असला तरी रॉमध्ये तो नंतर कोणतीही हानी न होता बदलता येतो, कारण तो तेथे केवळ एक शेरा म्हणून नोंदलेला असतो, चित्रात मुरलेला नसतो.

जेपीजीची रीत याहून निराळी. कॅमेरा स्वतःच अनुमाने करतो, रंगतोल ठरवितो, कडा धारदार करतो, पायऱ्या १६,३८४ वरून २५६ वर आणतो आणि मग चित्र आकुंचित करण्यास घेतो. हे आकुंचन मोठे रंजक आहे. सबंध चित्राचे आठ बिंदू लांब व आठ बिंदू रुंद असे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातील चौसष्ट आकडे कमीअधिक वेगाने चढउतार होणाऱ्या लहरींच्या मिश्रणाच्या रूपात पुन्हा लिहिले जातात. आणि ज्या बारीक लहरींचा अभाव मानवी डोळ्याला सहसा जाणवत नाही, त्या स्थूलमानाने मोजल्या जातात किंवा अजिबात वगळल्या जातात. ज्या गणिती क्रियेवर हे सारे उभे आहे ती बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्या साहाय्याने १९७४ साली प्रसिद्ध केली. त्याआधी १९७२ मध्ये तिच्या अभ्यासासाठी त्यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे केलेला अनुदानाचा अर्ज नामंजूर झाला होता. जेपीजीचे मानक १९९२ साली मुक्रर झाले, आणि आज जगातील बहुतेक छायाचित्रे ज्या पोशाखात हिंडतात तो पोशाख या नामंजूर अर्जातून निघाला आहे, ही गोष्ट अनुदान समित्यांच्या सभासदांनी अधूनमधून आठवावयास हरकत नाही.

जेपीजीतही प्रती असतात. निकॉनच्या कॅमेऱ्यांत फाइन, नॉर्मल व बेसिक अशी त्यांची नावे असून त्यांत फाइल अनुक्रमे सुमारे चौथा, आठवा व सोळावा हिस्सा होईपर्यंत दाबली जाते. या प्रतीशिवाय चित्राचा आकार ही आणखी एक स्वतंत्र बाब आहे. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील मोठे चित्र आडव्या दिशेने सुमारे सहा हजार बिंदूंचे, म्हणजे इंचाला तीनशे बिंदू या छपाईच्या मानाने वीस इंच रुंद छापता येईल असे असते. तेच लहान आकारात घेतले गेल्यास दहा इंचांवरच थांबावे लागते.

रॉ आणि जेपीजी यांत श्रेष्ठ कोण, हा वाद मला निरर्थक वाटतो. दोहोंचे प्रयोजनच भिन्न आहे. परंतु चूक झाली असता होणारी हानी मात्र दोन्हींकडे सारखी नाही, आणि आजच्या लेखांकाचे सारे मर्म येथे आहे. राइस मिलांच्या या जिल्ह्यात ते समजावून सांगण्यास फार आटापिटा करावयास नको : धानाचा तांदूळ केव्हाही करता येतो, तांदळाचे धान कोणत्याही गिरणीत होत नाही. जेपीजी हवी असताना रॉ घेतली गेली, तर फार तर एका संध्याकाळचे काम वाढते. रॉ हवी असताना जेपीजी घेतली गेली, तर त्या पहाटेच्या आकाशातील जो भाग निव्वळ पांढरा होऊन गेला तो गेलाच.

मग बोट घसरते कोठे? निकॉनच्या डी७१००, डी७२०० यांसारख्या कॅमेऱ्यांत पाठीमागच्या पडद्याच्या डाव्या बाजूस बटणांची एक उभी ओळ आहे. तिच्यातील एका बटणावर भिंगाची खूण असून त्याच बटणाला फाइलच्या प्रतीचेही काम दिलेले आहे. पडद्यावर चित्र उघडे असेल तर ते बटण चित्र मोठे करून दाखविते. परंतु पडदा विझलेला असेल आणि बटण दाबून धरून मागची चकती फिरविली तर फाइलचा प्रकार बदलतो, पुढची फिरविली तर आकार. नुकत्याच टिपलेल्या सारसाचा डोळा नीट केंद्रित झाला आहे की नाही हे पाहण्यासाठी मनुष्य भिंगाचे बटण दाबतो, त्याच क्षणी पडदा आपसूक विझलेला असतो, थंडीने बधिर झालेला अंगठा चित्र पुढेमागे करण्यासाठी चकतीवर फिरतो, आणि तेवढ्यात दुसरा सारस पंख पसरतो; मनुष्य कॅमेरा डोळ्याला लावतो आणि पुढची सबंध सकाळ जेपीजी बेसिकमध्ये टिपत राहतो. त्याला दोष कसा द्यावा? एकाच बटणाला दोन कामे देणाऱ्या रचनाकाराकडे, माझ्या मते, त्याचा मोठा वाटा जातो.

दुसरी वाट हिरव्या ठिपक्यांची. निकॉनच्या पुष्कळ कॅमेऱ्यांवर दोन बटणांशेजारी हिरवा ठिपका असतो; ती दोन्ही बटणे दोन सेकंदांहून अधिक काळ एकत्र दाबून धरली की बरीचशी रचना कारखान्यातून निघाली तशी होते, आणि कारखान्याच्या हिशेबी फाइलचा प्रकार जेपीजी नॉर्मल हा आहे. पिशवीत कोंबलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत असे क्वचितच घडेल, पण कुतूहलाने बटणे दाबून पाहणाऱ्या घरातील लहानग्यांच्या बाबतीत घडते. तिसरी वाट माथ्यावरच्या मोठ्या चकतीवरील यू१, यू२ किंवा सी१, सी२ या खुणांची. तेथे आपण मागे कधीतरी, समजा एखाद्या लग्नाच्या मांडवासाठी, जेपीजीची रचना जतन करून ठेवलेली असते आणि चकती एक घर सरकली की ती निमूटपणे परत अंमलात येते. काही खास परिणामांच्या दृश्यप्रकारांत रॉ मिळतच नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

एवढे होऊनही चूक ध्यानात का येत नाही, याचे कारण अधिक खोल आहे. रॉ टिपल्यानंतर पाठच्या पडद्यावर जे चित्र उमटते ते रॉ नसतेच; रॉच्या मोजदादीकडे डोळ्यांनी पाहताच येत नाही, म्हणून कॅमेरा प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात एक छोटी जेपीजी घालून ठेवतो आणि तीच आपल्याला दाखवितो. अर्थात फाइल कोणतीही असो, पडद्यावरील दृश्य तेच. पडद्यावर विसंबून राहणाऱ्याला हा बदल दिसणे दुरापास्त आहे. दिसतो तो दोन ठिकाणी. कार्डावर आणखी किती चित्रे मावतील हे सांगणारा आकडा रॉवरून जेपीजीवर जाताच एकाएकी कित्येक पटींनी फुगतो. उलट दिशेने गेल्यास तितकाच आटतो. आणि सलग पाच-सहा रॉ टिपताच धाप लागून थबकणारा जुना कॅमेरा एखाद्या दिवशी सारसाच्या संपूर्ण भरारीभर न थबकता चालला, तर त्याच्या तब्येतीविषयी आनंद मानण्यापूर्वी फाइलचा प्रकार पाहून घ्यावा.

उलट प्रकारची फजिती शहरातल्या स्टुडिओवाल्यांच्या परिचयाची आहे. गिऱ्हाईक कार्ड आणून देते, त्यातील फाइलींच्या नावापुढे एनईएफ, सीआर२ किंवा एआरडब्ल्यू अशी अक्षरे असतात, आणि दुकानातील संगणक त्या उघडण्यास साफ नकार देतो. येथे घाबरण्याचे कारण नाही. अनेक कॅमेऱ्यांत रॉवरून जेपीजी नक्कल करण्याची सोय असतेच. अलीकडे तिसऱ्याच एका प्रकाराची भर पडली आहे, तो म्हणजे हाइफ किंवा एचईआयसी. हे मानक २०१५ सालचे. आयफोनने ते २०१७ पासून अंगीकारले आणि काही नव्या कॅमेऱ्यांतही, उदाहरणार्थ कॅननच्या कित्येक नमुन्यांत एचडीआर पीक्यू हा पर्याय चालू केला की, जेपीजीच्या जागी तेच येते. देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या सेतू केंद्रावर अर्जासोबत फोटो जोडताना तो स्वीकारला जात नाही आणि रांगेतला मनुष्य इंटरनेटला दोष देत बसतो, तेव्हा फोनच्या सेटिंग्जमधील कॅमेरा या सदरात जाऊन फॉरमॅट्सखाली मोस्ट कम्पॅटिबल निवडणे एवढाच त्यावर इलाज असतो. घेतलेल्या फोटोला तो लागू होत नाही, पुढच्याला होतो.

राहता राहिली रॉऐवजी हाती आलेल्या जेपीजींची वासलात. मूळ फाइलला हात न लावता तिची नक्कल करावी, ती सोळा बिटांच्या टिफमध्ये उघडून सुधारणा कराव्यात आणि सर्व संपल्यावर एकदाच जेपीजी करावी. कारण प्रत्येक वेळी पुन्हा जेपीजी करताना ते आठ-आठांचे चौकोन नव्याने दाबले जातात. सावल्या थोड्या उजळता येतील, रंगतोल थोडा सावरता येईल, त्याहून अधिक अपेक्षा धरू नये. संगणकात एखाद्या प्रणालीने जेपीजीची डीएनजी ही रॉ प्रकारची फाइल करून दिली म्हणजे रॉ परत मिळाली असे समजणारेही भेटतात. ती केवळ पाकीट बदलण्याची क्रिया आहे.

ज्यांना कार्डाची चणचण नाही त्यांनी रॉ आणि जेपीजी दोन्ही एकदम साठविण्याचा पर्याय कायम ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. जागा जास्त लागते, परंतु परत येणार नाही ती पहाट, कार्ड बाजारात मिळते. वन्यजीवांच्या मोठ्या स्पर्धांत अंतिम फेरीस पोहोचलेल्यांकडून मूळ फाइल मागितली जाते, तेव्हाही ही खबरदारी कामास येते. यू१ किंवा सी१ मध्ये आपली जंगलाची रचना रॉसह जतन करून ठेवावी, आणि दारावर परवान्याची तपासणी होत असताना चकती एकदा तेथे आणून शिल्लक चित्रांचा आकडा वाचावा.

पुढील लेखांकात रंगतोलाचा विचार करू. तोवर वाचकांनी आपापल्या कॅमेऱ्यावर हिरवे ठिपके आहेत काय, असल्यास कोठे, हे पाहून ठेवावे. मात्र काही नमुन्यांत तशाच दोन बटणांवर लाल अक्षरांत फॉरमॅट असे लिहिलेले असते, ती दाबून पाहू नयेत, कारण त्यांनी कार्डच पुसले जाते.