मोत्याचा व्हिसा आणि आजीची तुळस

गेल्या वर्षी जुलैच्या शेवटी आमच्या विंगमध्ये एक प्रश्न उभा राहिला. प्लेसमेंटचा नाही, मेसच्या आमटीचाही नाही. माझ्या पार्टनरला जर्मनीत एम.एस.ला अ‍ॅडमिशन मिळाली आणि हा पठ्ठ्या म्हणाला, "मोत्याला घेऊन जाणार!"

मोत्या म्हणजे मेसच्या मागच्या दाराशी राहणारा, चार वर्षं याच्या ताटातल्या पोळीवर पोसलेला आमचा कुत्रा. शिवाय आजीने दिलेली तुळशीची कुंडी आणि कढीपत्त्याचं रोप होतंच. विमान सप्टेंबरच्या मध्यावर. दीड महिना हातात आहे, पिंजरा आणला, तिकीट काढलं की झालं, असं सगळ्यांना वाटलं. सबमिशन आपण एका रात्रीत उरकतो, तर हे काय!

पण हे सबमिशन एका रात्रीत होत नाही. का, तेच सांगतो.

खरी अडचण आहे रेबीजची. युरोपियन युनियनच्या यादीत भारत रेबीजच्या दृष्टीने सुरक्षित देशांमध्ये नाही. त्यामुळे इथून जाणाऱ्या कुत्र्या-मांजरांसाठी क्रम ठरलेला आहे. आधी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप, तिच्यात १५ आकडी नंबर. मग रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, तोही त्यांनी मान्य केलेल्या लॅबमध्ये. त्यात अँटिबॉडीचं प्रमाण ०.५ आय.यू. प्रति मिलिलिटर किंवा जास्त हवं. आणि नमुना घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. बेरीज करा, चार महिने झाले.

पार्टनर म्हणाला, "अरे, मोत्याला लस तर आधीच दिलीय!" खरं होतं. नसबंदीच्या वेळी त्याला लस मिळाली होती, कानाला खूणही होती. पण चिप नव्हती. चिपच्या आधीची लस धरत नाहीत. कारण सोपं आहे: लस घेतलेला कुत्रा हाच, हे सिद्ध कसं करणार? जर्नलवर रोल नंबर नसेल तर मार्क कुणाला द्यायचे, तसंच.

आणि तीन महिने कशाला? रेबीजचा विषाणू चावल्याबरोबर दिसत नाही. तो नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो आणि लक्षणं दिसायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. रक्त काढण्याआधीच कुत्र्याला लागण झाली असेल, तर या काळात ती बहुधा बाहेर पडते. म्हणजे हा वेळ ऑफिसातल्या फायलीचा नाही, विषाणूचा आहे. तिथे वशिला चालत नाही, आणि तत्काळचं तिकीटही नाही.

इतर देशांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये पूर्वी सहा महिने क्वारंटाइन असे. आता भारतातून जाणाऱ्या कुत्र्याला युरोपसारखीच चिप, लस, रक्ततपासणी आणि तीन महिने. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, आणि भारत त्यांच्या जास्त धोक्याच्या यादीत असल्याने जादा कागद लागतात. रक्ततपासणी नसेल तर तिथे २८ दिवस क्वारंटाइन. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट कुत्रा नेताच येत नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या देशात ठेवून तिथून न्यावा लागतो. तिथे मोठ्यांचंही चालत नाही. २०१५ मध्ये जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांनी आपली दोन कुत्री खासगी विमानातून न सांगता नेली. सरकारने ती परत पाठवायला लावली आणि २०१६ मध्ये हर्ड यांना कोर्टात खोट्या माहितीचा गुन्हा कबूल करावा लागला.

आता झाडांकडे वळू. २०१९ च्या डिसेंबरपासून युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाने नेलेल्या ताज्या फळाला, भाजीला, रोपाला आणि पेरायच्या बियांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना: केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. भारतातली माती न्यायला तर बंदीच, कारण मातीत सूत्रकृमी आणि बुरशी लपून येतात. म्हणजे कुंडी गेली.

कढीपत्त्यावर एवढा राग का? त्याच्यावर सायलिड नावाचा बारीक किडा राहतो. हाच किडा लिंबूवर्गीय झाडांमध्ये ग्रीनिंग नावाचा रोग पसरवतो. त्यावर अजून इलाज नाही. हा रोग २००५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात सापडला आणि तिथलं संत्र्याचं उत्पादन निम्म्याच्याही खूप खाली गेलं. म्हणून भारतातून ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही.

आपला हापूसही यातून सुटला नाही. अमेरिकेत तो २००७ मध्ये परत पोचला, तोही किडीचा बंदोबस्त म्हणून विकिरण करून. फळमाशीमुळे युरोपने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली, ती २०१५ च्या सुरुवातीला उठली.

हे सगळं जुलमी वाटतं ना? मग हॉस्टेलच्या मागे एक चक्कर मारा. तिथे गुडघाभर वाढलेलं गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं; आयात गव्हाबरोबर बी आलं असं मानतात. आज ते देशभर आहे, कुणाला खाज, कुणाला दमा. गव्हात मिसळलेलं बी त्या वेळी अडलं असतं, तर? आपल्या बॅगेतला कढीपत्ता दुसऱ्याच्या अंगणात तेच करू शकतो.

तर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा:

१) अ‍ॅडमिशनची वाट पाहू नका. अर्ज टाकला की प्राण्याला चिप आणि लगेच लस.
२) युरोपसाठी बूस्टर वेळेवर दिला, तर रक्ततपासणी पुन्हा करावी लागत नाही.
३) निघण्याआधी भारत सरकारच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन कार्यालयाकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्या. मुंबईत त्यांचं केंद्र आहे. युरोपचं प्रमाणपत्र तिथे पोचेपर्यंत दहाच दिवस चालतं.
४) झाडांसाठी कृषी मंत्रालयाचं प्लांट क्वारंटाइन कार्यालय वेगळं आहे.
५) पिंजऱ्याचं माप इंजिनिअरच्या हातचं काम! लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं अंतर अधिक पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उंची, कुत्रा उभा राहिल्यावर डोक्याएवढी किंवा जास्त.
६) बॅगेत काही असेल तर विमानतळावर सांगून टाका. लपवणं महागात पडतं.

शेवटी काय झालं? पार्टनर सप्टेंबरमध्ये एकटाच गेला. तुळस आणि कढीपत्ता आजीकडे परत. पण जाण्याआधी त्याने मोत्याला चिप आणि लस दिली. ३० दिवसांनी नमुना द्यायला मेसचे काका आणि मी रिक्षातून त्याला घेऊन गेलो. रिपोर्ट पास आला, फर्स्ट अटेम्प्टमध्ये. तीन महिने संपले आहेत. सेमिस्टर संपवून पार्टनर फेब्रुवारीच्या अखेरीस मोत्याला न्यायला येतोय. जर्मनीत कुत्र्यावर नगरपालिकेचा कर भरावा लागतो, तोही भरेन म्हणतो.

काका मात्र हल्ली मोत्याला रोज एक पोळी जास्त घालतात. विचारलं तर म्हणतात, "तिकडं मिळंल का नाही, कुणास ठाऊक."