दीपगृह आणि त्याचा जागता पहारेकरी

मांडवी नदीच्या मुखाशी आग्वादचा किल्ला उभा आहे. १६१२ साली बांधून पूर्ण झालेल्या या किल्ल्यात जहाजांना गोडे पाणी मिळत असे व त्यावरूनच त्याला हे नाव पडले. पोर्तुगीज भाषेत पाण्याला ‘आग्वा’ म्हणतात. याच किल्ल्यात १८६४ साली दीपगृह उभारण्यात आले. शंभराहून अधिक वर्षे दर्यावर्दी लोकांना त्या दिव्याचा आधार होता. १९७६ साली जवळच नवे दीपगृह कार्यान्वित झाले आणि जुना मनोरा निवृत्त झाला. सहलीस आलेली शाळकरी मुले आज हा गोल मनोरा कुतूहलाने पाहतात. परंतु असा दिवा तेवत ठेवण्यासाठी रात्रभर कोण जागत असे, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो.

दिव्याची रचना

पृथ्वी गोल असल्यामुळे सखल जागेवरील दिवा थोड्याच अंतरावर क्षितिजाआड होतो. म्हणून दीपगृह उंचावर बांधतात. समुद्रसपाटीपासून ३० मीटर उंचीवरील दिवा पाण्याच्या पातळीवरून सुमारे ११ सागरी मैल, म्हणजे २० किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरावरून दिसू शकतो. तथापि केवळ उंची पुरेशी नसते. तेलाच्या दिव्याचा प्रकाश चहूकडे विखुरतो व दूर जाता जाता क्षीण होतो. फ्रान्समधील शास्त्रज्ञ ऑगुस्तँ फ्रेनेल यांनी काचेची वलये आणि लोलक यांची अशी रचना केली की, विखुरणारा प्रकाश एकवटून त्याचा झोत व्हावा. हे भिंग १८२३ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोर्दुआँ दीपगृहात प्रथम बसविण्यात आले.

भिंग दिव्याभोवती फिरू लागले की दूरच्या खलाशाला दिवा ठरावीक अंतराने लुकलुकताना दिसतो. जवळपासच्या दीपगृहांच्या लुकलुकण्याचा क्रम निरनिराळा ठेवलेला असतो. त्यामुळे झोतांमधील सेकंद मोजून, आपण कोणत्या किनाऱ्यासमोर आहोत, हे तांडेलाला अंधारातही ओळखता येते.

रात्रीची पाळी

विजेचे यंत्र येण्यापूर्वी हे जड भिंग जुन्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे वजनाच्या ओढीने फिरत असे. वजन खाली आले की ते किल्ली फिरवून पुन्हा वर घ्यावे लागे, आणि हे काम रात्रीतून अनेकदा करावे लागे. वात कापणे, तेल भरणे, काचेवरील काजळी पुसणे हीही कामे होतीच. रखवालदाराला डुलकी लागली आणि भिंग थांबले, तर दिव्याची ओळखच पुसली जाई. दिवसाही उसंत नसे. भिंगातून सूर्यकिरण एकवटून आग लागण्याचा संभव असल्याने सकाळी काचांवर पडदे ओढावे लागत. पुढे काही ठिकाणी भिंग पाऱ्यावर तरंगते ठेवू लागले. त्याने ते हलके फिरे. मात्र पाऱ्याची वाफ विषारी असते.

याहून कठीण होता तो एकांत. वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर स्मॉल्स नावाच्या खडकावरील दीपगृहात दोन रखवालदार असत. १८०१ च्या सुमारास त्यांपैकी एक मरण पावला. दोघांचे पटत नसे हे सर्वांस ठाऊक होते. प्रेत समुद्रात सोडावे तर खुनाचा आळ यायचा, या भीतीने दुसऱ्याने ते पेटीत घालून मनोऱ्याच्या बाहेर बांधून ठेवले. वादळामुळे कित्येक दिवस होडी पोहोचू शकली नाही. एवढ्या काळात त्याने दिवा मात्र विझू दिला नाही. दिवा नित्याप्रमाणे लागत असल्यामुळे तेथे सर्व कुशल आहे, अशीच पाहणाऱ्यांची समजूत झाली. या प्रसंगानंतर तेथे तीन रखवालदार ठेवण्याचा प्रघात पडला.

यंत्राकडे सोपविलेला पहारा

स्वीडनचे अभियंते गुस्ताफ दालेन यांनी १९०७ साली एक झडप तयार केली. उजाडताच तिच्यातील काळी कांडी तापून प्रसरण पावे व दिव्याचा वायू बंद होई. अंधार पडताच ती आकसून वायू सुरू होई. १९१२ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी प्रयोगातील स्फोटाने त्यांची दृष्टी गेली, हा दैवदुर्विलासच होय. पुढे विजेने उरलेले काम केले. ब्रिटनमधील शेवटचे दीपगृह १९९८ साली स्वयंचलित झाले.

आपल्या देशात दीपगृहांचा कारभार केंद्र सरकारकडे आहे. १९२७ च्या दीपगृह अधिनियमाची जागा २०२१ साली नव्या अधिनियमाने घेतली. आता जहाजांना उपग्रहांद्वारेही आपले स्थान कळते. तरीही उपकरण बिघडलेल्या रात्री, अथवा ते परवडत नसलेल्या लहान होडीला, डोळ्यांना दिसणारा दिवाच आधार असतो.

दीपगृहाचा रखवालदार कोणाच्या परिचयाचा नसे. ज्यांचे प्राण वाचले, त्यांना त्याचे नावही कळत नसे. गावात नळाला वेळेवर पाणी यावे वा रात्री वीज असावी म्हणून कोणीतरी असाच जागत असतो, आणि खंड पडला तरच त्याची आठवण होते. शिक्षकांनी मुलांना जुना मनोरा दाखविताना दगडांच्या इतिहासाबरोबर या जागरणाचीही गोष्ट सांगावी.