पदकांच्या मधली वर्षं

ऑगस्ट २०२६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला दहा वर्षं होतात. सिंधूचं रौप्य आणि साक्षीचं कांस्य सगळ्यांना आठवेल, आणि ते आठवायलाच हवं. मला मात्र पहिल्या फेरीतच संपलेला एक सामना आठवतो. सानिया मिर्झाच्या जोडीला बार्शीची प्रार्थना ठोंबरे होती, जेमतेम बावीस वर्षांची. समोर चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा आपल्या मुलींनी ७-५ असा खेचून घेतला आणि तिसरा चिनी जोडीनं तेवढ्याच फरकानं नेला. एवढ्या चुरशीच्या हारीची आपल्याकडे बातमी झाली ती ‘सानिया हरली’ एवढीच. प्रार्थनेचं नाव माझ्या हाती आलेल्या मजकुरात अगदी शेवटी होतं.

मी तेव्हा मेळघाटातल्या सेमाडोहला शिकवत होते. ऑगस्टात सिपना नदी दुथडी भरलेली, वीज आली तर आली, आणि मोबाईलला रेंज हवी असेल तर ठरावीक चढावर जाऊन उभं राहायचं. परतवाड्याहून घाट चढून एसटी आली की दुपारी पेपर मिळायचा. ती बातमी मी शाळेत मोठ्यानं वाचली, तेव्हा शेजारी बसलेले गुरुजी म्हणाले, “बार्शीची पोट्टी? ऑलिम्पिकात? अन् आमाले मालूमच नाही!” त्यांचा दोष नव्हता. कुणी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत हीच मुलगी सानियाबरोबर दुहेरीचं कांस्य घेऊन आली, तेव्हा सत्कार झाले, हार-तुरे झाले. त्यानंतर रिओपर्यंत ती कुठे, कशी, कुणाच्या पैशानं खेळत होती, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही.

मराठी मुलींच्या टेनिसचा मागोवा घ्यायचा तर लोक १९३४ पासून सुरुवात करतात. त्या वर्षी मुंबईच्या लीला राव यांनी विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तिथे सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव, संस्कृतात लिहिणाऱ्या आणि स्वतः टेनिस खेळणाऱ्या. वेदांचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित हे लीला यांचे आजोबा. हे घराणं थोर होतं यात शंका नाही. पण त्यानंतरची कित्येक दशकं मी भराभर ओलांडून जाईन, कारण तो काळ जिमखान्यांचा होता. खेळ चांगला होता, पण कुंपणाच्या आत होता. सिडनी ऑलिम्पिकला गेलेली आणि २००२ मध्ये बुसानच्या आशियाई स्पर्धेत महेश भूपतीबरोबर मिश्र दुहेरीचं रौप्य मिळवलेली मुंबईची मनीषा मल्होत्रा किती मराठी वाचकांना ठाऊक आहे?

ते कुंपण मी स्वतः पाहिलं आहे. वऱ्हाडातल्या एका शहरात अधिकाऱ्यांचा क्लब होता, मुरमाचं एकच कोर्ट. उन्हाळ्यात चार वाजता मार्कर झारीनं पाणी मारायचा, मग रोलर फिरवायचा, मग दोरी ताणून चुन्याच्या रेषा आखायचा. पाच वाजता साहेब लोक यायचे आणि दिवेलागणीपर्यंत खेळायचे. मुलींना खेळायचं असेल तर भर दुपारी, पाणी मारायच्या आधी. मे महिन्यात त्या वेळी मुरमाची नुसती राख झालेली असते. चेंडू उसळतच नाही, पाय मात्र घसरतो. आमच्यातली एक मुलगी डावखुरी होती, सर्व्हिस अशी करायची की मार्करही हातातलं काम थांबवून बघत राहायचा. तिला संध्याकाळचा अर्धा तास मिळावा म्हणून तिच्या वडिलांनी अर्ज केला. त्याला उत्तर आलं नाही. अजूनही मला त्याचा राग येतो.

मग २००५ आलं. फेब्रुवारीत हैदराबादला सानियानं डब्ल्यूटीएचं विजेतेपद जिंकलं, त्याच वर्षी अमेरिकन ओपनची चौथी फेरी गाठली, आणि गावोगावच्या बापांना वाटलं की आपलीही पोरगी हे करू शकते. बार्शीची प्रार्थना, श्रीरामपूरची ऋतुजा भोसले या त्या लाटेतल्या मुली. अहमदाबादहून अंकिता रैना पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकायला आली, तीही याच काळात. या तिघींचं तारुण्य ज्या दशकात गेलं, ते दशक मी जवळून पाहिलं, आणि त्याचा हिशेब मला मांडायचा आहे.

तो २०१२ पासून सुरू होतो. त्या नोव्हेंबरात पुण्यात बालेवाडीला डब्ल्यूटीएच्या १२५ दर्जाची स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात युक्रेनच्या अठरा वर्षांच्या मुलीनं जपानच्या किमिको दातेला हरवलं. तिचं नाव एलिना स्वितोलिना. पुढे ती जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. प्रार्थनेपेक्षा ती तीनच महिन्यांनी लहान आहे. स्पर्धा एवढ्या एका वर्षाचीच ठरली, पुन्हा पुण्यात झाली नाही. मग २०१७ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लबच्या कोर्टांवर त्याच दर्जाची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी जिंकली अरिना सबालेंका, जी पुढे जगात पहिल्या क्रमांकापर्यंत पोचली. २०१८ मध्ये ती स्पर्धा पुन्हा झाली आणि थांबली. पुढचा नारळ फुटला तो थेट २०२४ मध्ये. मधली पाच वर्षं अंकिता, प्रार्थना आणि ऋतुजा तेवीस ते तिशीच्या दरम्यान होत्या. टेनिसमध्ये पाय आणि डोकं एकाच वेळी उत्तम चालतात ती हीच वर्षं.

याच पाच वर्षांत बालेवाडीला काय चाललं होतं? पुरुषांची एटीपी स्पर्धा. चेन्नईहून ती २०१८ मध्ये पुण्यात आली, राज्य सरकारनं तिला पाठबळ दिलं, आणि २०२१ चं कोरोनाचं वर्ष सोडलं तर २०२३ पर्यंत ती दर वर्षी झाली. मी ती आवडीनं पाहिली. २०१९ मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण, २०२२ मध्ये बोपण्णा आणि रामकुमार, असे दोनदा आपले लोक घरच्या मैदानावर दुहेरी जिंकले. घरी स्पर्धा असली की काय घडतं, याचा याहून सरळ पुरावा नको. मग हा न्याय मुलींना का नाही लागला? तेच कोर्ट, तेच दिवे, तेच अधिकारी. आणखी एक आठवडा मुलींसाठी राखायला हवा होता. अखेर तीही स्पर्धा पुण्यातून उठून हाँगकाँगला गेली, तेव्हा सगळे हळहळले. मीही हळहळले. पण मुलींची स्पर्धा बंद पडली, तेव्हा एवढी हळहळ मला कुठे दिसली नव्हती.

घरची स्पर्धा म्हणजे काय, हे बघायचं तर जर्मनीतल्या लाउरा झीगेमुंडकडे बघावं. तिचा जन्म फिल्डरश्टाट या छोट्या गावातला. त्याच गावात १९७८ मध्ये महिलांची एक मोठी स्पर्धा सुरू झाली, जी पुढे शेजारच्या श्टुटगार्टला गेली आणि आजही चालू आहे. लाउरा लहानपणी गुणी म्हणून गाजलेली, पण पंचविशी आली तरी वरच्या पायरीवर पाय टेकेना. खेळ सोडण्यापर्यंत मजल गेली. मानसशास्त्राची पदवी घेतली, आणि तिच्या प्रबंधाचा विषयच होता दडपणाखाली खेळाडूचा हात कसा आखडतो हा. २०१६ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ती घरच्या श्टुटगार्टच्या स्पर्धेत पात्रता फेरीतून आत शिरली आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत गेली. तिथे तिला हरवलं तेही एका जर्मन मुलीनंच, अँजेलिक केर्बरनं. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत तिला वाइल्ड कार्ड मिळालं आणि ती जिंकली. २०२० मध्ये अमेरिकन ओपनची दुहेरी तिच्या नावावर लागली. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये सदतिसाव्या वर्षी तिनं उपांत्यपूर्व फेरी गाठली, सबालेंकाला तीन सेटपर्यंत झुंजवलं.

रिओला झीगेमुंडही होती. एकेरीत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. केर्बरनं रौप्य मिळवलं. गुणवत्तेत त्या आपल्या मुलींच्या पुढेच होत्या, हे मान्य. पण त्या दोघींनाही वाट बघायला वेळ मिळाला. केर्बर २०११ च्या अमेरिकन ओपनला गेली तेव्हा जगात ब्याण्णवावी होती, त्याआधी पहिल्याच फेरीत हरण्याची रांग लागली होती. तिथे ती उपांत्य फेरीपर्यंत गेली, आणि पाच वर्षांनी, अठ्ठाविसाव्या वर्षी, जगात पहिली झाली. त्या देशात गावोगावी टेनिस क्लब आहेत. महासंघाचे सभासद दहा लाखांहून जास्त आहेत. दर आठवड्याला रेल्वेनं पोचता येईल इतक्या अंतरावर कुठे ना कुठे स्पर्धा असते.

आपल्याकडच्या मुलीचं कसं चालतं ते सांगते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, सगळ्यात खालच्या पातळीच्या स्पर्धेत एकूण बक्षीस पंधरा हजार डॉलर. पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीच्या हाती जेमतेम दीडशे डॉलर पडतात. विमानभाडं, मुक्काम, जेवण, रॅकेटच्या तारा, हे सगळं त्यातून निघत नाही. प्रशिक्षक बरोबर नेणं तर दूरच. मिळवलेले क्रमवारीचे गुण बावन्न आठवड्यांनी गळून जातात, म्हणजे आजारी पडायचीही सोय नाही. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत शिरायला साधारण सव्वादोनशेच्या आत यावं लागतं. अंकिता २०२० मध्ये १६० पर्यंत गेली, तीही आयुष्याची कमाई ओतून. ऋतुजानं अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत शिकत खेळण्याचा मार्ग धरला. तो शहाणपणाचा होता. पण अठरा ते एकवीस ही वर्षं त्यात गेली, आणि त्याच वयात युरोपातल्या मुली दौऱ्यावर मुरत असतात.

या काळात एका गोष्टीचे आभार मानायचे राहिले तर तो अन्याय होईल. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या नावानं महिलांची आयटीएफ स्पर्धा वर्षानुवर्षं चालली आहे. तिला ना झगमगाट, ना थेट प्रक्षेपण. पण त्या एका आठवड्यात आपल्या मुलींना पासपोर्ट न काढता गुण मिळवता आले.

मग आली हांगझौची आशियाई स्पर्धा. ३० सप्टेंबर २०२३. मिश्र दुहेरीचा अंतिम सामना, ऋतुजा आणि त्रेचाळिशीतला बोपण्णा, समोर चिनी तैपेईची जोडी. पहिला सेट २-६ असा गेला. ऋतुजाची सर्व्हिस डळमळत होती आणि समोरचे तिलाच लक्ष्य करत होते, मिश्र दुहेरीत तेच करतात. दुसऱ्या सेटमध्ये तिनं परतीचे फटके खोल टाकायला सुरुवात केली, बोपण्णाला नेटवर मोकळीक मिळाली, ६-३. निर्णायक टायब्रेक १०-४. सुवर्ण. तिचे वडील पोलीस खात्यात, म्हणून त्या खात्यानंही कौतुक केलं. बक्षिसं जाहीर झाली. आठ दिवस सगळीकडे तिचे फोटो होते. दिवाळी यायच्या आतच फोटो थांबले. मला वाटलं होतं, इंचॉननंतर जे झालं ते आता होणार नाही. तेच झालं.

अमरावतीत बसून हे लिहिताना एक गोष्ट सारखी टोचते. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथे उभं केलं, आणि १९३६ मध्ये या गावच्या मंडळींनी बर्लिनला जाऊन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले. तेव्हा ना विमानप्रवास सोपा होता ना प्रायोजक मिळणं. ज्या गावानं हे केलं, त्या गावाला एखाद्या आठवड्यापुरत्या वीस-तीस मुली बोलावून टेनिसची स्पर्धा भरवणं अवघड आहे, असं मला कुणी पटवून देऊ नये. सेमाडोहच्या आश्रमशाळेतल्या कोरकू मुली सकाळी चढावरून धावत खाली येतात, त्यांचा दम मी पाहिला आहे. एकदा शहरातून जुनी रॅकेट नेली होती. पोरींनी ती हातात घेतली आणि भिंतीवर चेंडू मारत राहिल्या, जेवणाची घंटा झाली तरी. त्यांच्यातली कुणी टेनिस खेळेल असं मी म्हणत नाही. खेळावं असं त्यांना कधी वाटूच नये, अशी सगळी व्यवस्था आहे, एवढंच म्हणते.

अलीकडे थोडं बरं दिसतं आहे. सोलापूर, नागपूर, नवी मुंबई इथेही महिलांच्या आयटीएफ स्पर्धा होऊ लागल्या. मुंबईची स्पर्धा २०२४ आणि २०२५ मध्ये झाली. एप्रिल २०२५ मध्ये बालेवाडीला बिली जीन किंग कपचा आशिया-ओशनिया गट खेळला गेला आणि भारत प्ले-ऑफसाठी पात्र ठरला. त्या संघात तिशीतली प्रार्थना ठोंबरे होती, अंकिता होती. त्याच वर्षी जुलैमध्ये जागतिक विद्यापीठ स्पर्धेत पुण्याच्या वैष्णवी आडकरनं एकेरीचं कांस्य जिंकलं, तेही जर्मनीतच, ऱ्हाइन-रूरमध्ये. पदकाची बातमी मी वाचली, आणि लगेच तिच्या पुढच्या आठवड्याचा कार्यक्रम शोधायला लागले. तो कुठल्याच मराठी पेपरात नव्हता.

सोलापुरात मुलींची स्पर्धा सुरू झाली, ती बार्शीची प्रार्थना ऑलिम्पिकला जाऊन आल्यावर. अमरावतीत किंवा अकोल्यात ती आधी व्हायला हवी. पंधरा हजार डॉलरची, मुरमाच्या कोर्टावर, फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आधी. आणि मुलींचे सामने संध्याकाळी, पाणी मारून रोलर फिरवल्यावर.