बायबॅकचा कर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आकुर्डीच्या बजाज ऑटोने मार्च २०२४ मध्ये आपले ४० लाख शेअर प्रत्येकी १०,००० रुपयांना भागधारकांकडून परत विकत घेतले. अशा समभाग पुनर्खरेदीला, म्हणजेच बायबॅकला, प्रतिसाद देणाऱ्या भागधारकाच्या हातात तेव्हा पूर्ण रक्कम पडत असे. मात्र त्यावरून कळंबच्या किंवा मंचरच्या एखाद्या भागधारकाने बायबॅकचे पैसे करमुक्तच असतात असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचा ठरेल. कर माफ नव्हता, तो कंपनी भरत होती: शेअर वितरित करताना कंपनीला मिळालेली रक्कम वजा जाता उरणाऱ्या रकमेवर २० टक्के, अधिभार व उपकर धरून सुमारे २३.३ टक्के. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ही पद्धत जुलै २०१९ पासून लागू होती.

१ ऑक्टोबर २०२४ पासून हा भार भागधारकावर आला आणि कर केवळ नफ्यावर लागतो हा समजही खोटा ठरला. कारण मिळालेली संपूर्ण रक्कम लाभांश मानली जाऊ लागली. ३,००० रुपयांना घेतलेला शेअर १०,००० रुपयांना परत दिल्यास १०,००० रुपये उत्पन्नात धरले जात, तर खरेदीचे ३,००० रुपये भांडवली तोटा ठरून त्या वर्षीच्या किंवा पुढील आठ वर्षांतील भांडवली नफ्यातूनच वजा होऊ शकत. नफ्याच्या व्यवहारात कागदावर तोटा दाखवणारी ही रचना विचित्रच म्हणावी लागेल. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसची १८,००० कोटी रुपयांची पुनर्खरेदी नोव्हेंबर २०२५ मध्ये याच नियमाखाली झाली आणि तिच्यापासून कंपनीचे प्रवर्तक दूर राहिले.

या नियमाच्या काळात कंपनीने १० टक्के टीडीएस कापला म्हणजे कर संपला, असेही समजले जाई. वास्तविक ती आगाऊ कपात असे. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीला उरलेला कर भरावा लागे, तर करदेयता नसलेल्याला विवरणपत्र भरून परतावा मिळे. शेतकऱ्यालाही हेच लागू होते, कारण करमुक्त असते ते शेतीचे उत्पन्न, शेतकऱ्याचे प्रत्येक उत्पन्न नव्हे.

फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात मांडलेल्या तरतुदीनुसार १ एप्रिल २०२६ पासून ही रक्कम भांडवली नफ्याच्या सदरात येते, म्हणजे खरेदी किंमत पुन्हा वजा होते. बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या नोंदणीकृत शेअरवर वर्षाला सव्वा लाखापुढील नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी दिल्यास २० टक्के कर लागतो; प्रवर्तकांसाठी मात्र जादा कराची तरतूद आहे.