कोऱ्या डिस्कची पारख

आंबिवली स्टेशनातून बाहेर पडून मोहोन्याची वाट धरली की एनआरसीचं आवार लागतं. रेयॉनचा धागा काढणारा नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा हा कारखाना २००९ साली बंद पडला. कामगारांची थकलेली देणी, कोर्टातले दावे, जमिनीचा प्रश्न यांबद्दल बरंच लिहून झालं आहे आणि ते लिहायलाच हवं होतं. मला मात्र कारखान्याच्या कॉलनीच्या शेवटच्या दहा वर्षांची एक वेगळी काळजी आहे. ती दहा वर्षं नेमकी सीडी आणि डीव्हीडी रायटरची होती. त्याआधीची लग्नं व्हीएचएस कॅसेटवर आहेत, नंतरची मोबाइलमध्ये आणि पेन ड्राइव्हवर. मधल्या काळातली हळद, साखरपुडा, गणपतीतले कार्यक्रम, शाळेचं गॅदरिंग, कुणाच्या निवृत्तीचा निरोप समारंभ, हे सगळं डिस्कवर आहे. कारखाना गेला, माणसं पांगली, आणि त्या कपाटातल्या डिस्क आता पंधरा-वीस वर्षांच्या झाल्या.

त्यातल्या काही आजही सुरळीत चालतात. काही मात्र प्लेअरमध्ये घातल्या की नुसत्या फिरत राहतात. एकाच स्टुडिओतून, एकाच महिन्यात मिळालेल्या दोन डिस्कचं नशीब असं वेगळं का, याचं उत्तर कोऱ्या डिस्कच्या पोटात आहे.

गाण्याची विकत मिळणारी सीडी कारखान्यात साच्यातून छापलेली असते. तिच्यातले खड्डे प्लॅस्टिकमध्येच उमटलेले असतात. कोऱ्या सीडीत खड्डे नसतात. १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती, तिच्यावर गोल गोल फिरत जाणारी बारीक खाच, त्यावर सेंद्रिय रंगाचा थर, त्यावर चांदीचा आरसा आणि सगळ्यात वर लाखेसारखा पातळ लेप, एवढीच तिची रचना. रायटरचा लेझर त्या रंगाला जागोजागी भाजतो. भाजलेल्या जागी प्रकाश कमी परततो आणि प्लेअरला तो खड्डाच वाटतो. जपानच्या ताइयो युडेन कंपनीत एमिको हमादा यांच्या गटानं सायनाइन रंग वापरून हे जमवलं आणि १९८८ साली लिहिता येणारी सीडी जगापुढे आली. पुढे मित्सुईनं थॅलोसायनाइन रंग आणला, मित्सुबिशीनं एझो. ट्यूबलाइटखाली धरलं की फरक डोळ्यांना कळतो: थॅलोसायनाइन फिकट, जवळजवळ सोनेरी दिसतो, एझो गडद निळा. सायनाइनला उजेड लवकर बाधतो. थॅलोसायनाइन त्या बाबतीत चिवट आहे.

या रचनेतून एक गोष्ट निघते, जी फार थोड्या घरांत माहीत होती. सीडीची नाजूक बाजू चकाकणारी नव्हे, नाव लिहिण्याची. तिथे चांदी आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये फक्त तो पातळ लेप असतो. बॉलपेननं दाबून ‘स्वाती-महेश विवाह’ लिहिलं की अक्षरांच्या खालचा मजकूर गेलाच म्हणून समजा. खालच्या बाजूचा ओरखडा पॉलिशनं निघू शकतो, वरचा कधीच नाही. डीव्हीडीत थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये चिकटवलेला असतो, म्हणून ती लिहिण्याच्या बाबतीत सोशिक. पण तिची चिकटवलेली कड जर नीट बंद झालेली नसेल, तर दमट हवा तिथूनच आत शिरते.

चांदीचा मुद्दा आपल्या पट्ट्यात विशेष लक्षात घ्यावा असा आहे. व्हिस्कोस रेयॉन करताना कार्बन डायसल्फाइड लागतं आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. मोहोन्यात आणि शहाडला पिढ्यान्‌पिढ्या हेच उत्पादन चाललं. गटाराचा आणि साचलेल्या पाण्याचा वासही याच वायूचा. घरातलं चांदीचं निरांजन या वायूतल्या ज्या गंधकानं काळवंडतं, त्याच गंधकानं डिस्कमधली चांदीही काळवंडते. म्हणून कोरी डिस्क घेताना आधी तिची कड पाहावी. रंगाचा थर काठापर्यंत पोचलेला नसावा; बाहेर पारदर्शक, एकसारखी रिंग दिसली पाहिजे. उजेडासमोर धरल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर तो लॉट परत करावा.

आता रायटरकडे येऊ, कारण डिस्क बिघडल्याचा दोष नेहमी डिस्कचाच असतो असं नाही. ट्रे आत गेल्यावरचे पहिले काही सेकंद नीट ऐकण्यासारखे असतात. मोटर वेग घेते, थांबते, पुन्हा फिरते, लेन्स सरकल्याचा बारीक करकर आवाज येतो. या वेळात रायटर खाचेतच कोरलेला बनवणाऱ्याचा कोड वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमधल्या यादीत तो शोधतो. कोड ओळखीचा निघाला तर त्या रंगाला किती शक्तीचा लेझर किती वेळ द्यायचा, हे त्याला ठाऊक असतं. नसला तर तो सर्वसाधारण माप लावतो. मग आतल्या काठाशी राखून ठेवलेल्या जागेत थोडंसं लिहून पाहतो आणि वाचून शक्ती ठरवतो, शितावरून भाताची परीक्षा करतो तशी. ही परीक्षा फसली की पडद्यावर ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ येते. लेन्सवर धूळ, म्हातारा झालेला लेझर किंवा यादीत नसलेली डिस्क, या तिहींपैकी एक कारण बहुतेक वेळा निघतं. दुसऱ्या कंपनीची डिस्क घालून पाहावी. ती चालली तर रायटर ठीक आहे. तीही अडली तर लेन्स साफ करावी आणि कंपनीचं नवं फर्मवेअर असेल तर टाकावं, कारण त्याबरोबर डिस्कची यादीही नवी होते.

इथेच कोऱ्या डिस्कच्या बाजाराचा सगळ्यात मोठा घोळ होता. डब्यावरचं नाव आणि बनवणारा, हे दोघे सहसा वेगळेच. नामांकित कंपन्या तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडून किंवा रायटेककडून, तर कधी आपल्या मोझर बेअरकडून माल घेऊन स्वतःचं नाव छापत. एकाच नावाच्या दोन डब्यांत दोन वेगळ्या कारखान्यांच्या डिस्क निघत. त्यामुळे ‘अमुक कंपनी चांगली’ हे वाक्य अर्धवटच राही. पारखी माणसं डबा आणल्यावर पहिली डिस्क घालून, निरो किंवा इमेजबर्न या प्रोग्रॅममध्ये तिचा कोड पाहत. ‘एमसीसी’ने सुरू झाला तर मित्सुबिशीची, म्हणजे व्हर्बॅटिमची एझो; ‘युडेन’ आला तर नशीब उघडलं. कोडची नक्कल करणारेही होते, म्हणून कोड जुळला तरी लिहिलेली डिस्क तपासावी लागेच.

मोझर बेअरला या कथेत मानाची जागा द्यायला हवी. १९८३ साली दीपक पुरी यांनी सुरू केलेली ही कंपनी आधी फ्लॉपी बनवी. १९९९च्या सुमाराला ती कोऱ्या सीडीत उतरली आणि नोएडा-ग्रेटर नोएडाच्या कारखान्यांतून जगातल्या पहिल्या काही उत्पादकांत जाऊन बसली. कधीकाळी महाग असलेली कोरी सीडी सामान्य घरात आली, त्यात तिचा मोठा वाटा होता. पुढे तिनं २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकली. पेन ड्राइव्ह आणि इंटरनेटपुढे हा धंदा टिकला नाही. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात गेली. ताइयो युडेननं २०१५च्या अखेरीस डिस्क बनवणं थांबवलं होतं. व्हर्बॅटिमचा व्यवसाय पुढे सीएमसीकडेच गेला. सोनीनं फेब्रुवारी २०२५मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रेचं उत्पादन बंद केलं आणि त्याच वेळी मिनीडीव्ही कॅसेटचंही, ज्यांवर ही लग्नं मुळात चित्रित झाली होती.

लिहिताना होणारे बिघाड पुष्कळदा विजेत आणि वायरीत सापडतात. भारनियमनाच्या वर्षांत यूपीएस नसला की अर्ध्यावर लिहिलेली डिस्क फुकट जाई. लॅपटॉपला लावायचा बारीक यूएसबी रायटर पाच व्होल्टवर चालतो आणि लिहिताना जास्त वीज ओढतो. तो हबमध्ये खुपसू नये. सोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावावीत. जुन्या पीसीत आणखी एक छुपं दुखणं असे. सहा वेळा चूक झाली की विंडोज एक्सपी रायटर जोडणाऱ्या आतल्या केबलचा वेग गुपचूप पीआयओ या संथ मोडवर उतरवी. मग रायटर भुकेला राही, माहिती वेळेवर पोचत नसे. २०००च्या आसपास सान्योनं बर्न-प्रूफ आणल्यापासून रायटर थांबून, त्याच जागेवरून पुढे लिहू लागला. पण अशा सांध्यांची डिस्क मला कधीच विश्वासाची वाटली नाही. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून आणलेल्या डिस्कवर आणि लेन्सवर बाष्प धरतं. अर्धा तास तशीच ठेवून मग लिहावी.

वेगाबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे: जितकं हळू तितकं चांगलं. सोळा एक्सच्या डिस्कचा रंग त्या वेगाच्या आसपासच्या लेझरसाठी बनवलेला असतो. सगळ्यात खालच्या वेगाला तो नीट भाजेलच असं नाही, आणि सगळ्यात वरच्या वेगाला कडेशी चुका वाढतात. सोळाची डिस्क आठवर लिहावी. ४.७ जीबीची डीव्हीडी संगणक ४.३७ दाखवतो, त्यातलीही शेवटची थोडी जागा मोकळी सोडावी, कारण बाहेरची कड हाच डिस्कचा सगळ्यात कच्चा भाग. चिकटवायचं कागदी लेबल तर लावूच नये. ते सुटतं, वाकतं आणि डिस्कचा तोल घालवतं. डिस्कसाठीचा पाण्याच्या शाईचा मार्कर वापरावा, तोही शक्यतो मधल्या पारदर्शक भागावर.

पडद्यावर ‘बर्न सक्सेसफुल’ आलं की स्टुडिओवाला डिस्क कव्हरमध्ये घालून देई. लिहिणं पुरं झालं, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. लिहिलेलं वाचता येतं का, हे त्यात कुठेच नाही. म्हणून ‘व्हेरिफाय’ची खूण काढू नये. वेळ दुप्पट लागला तरी चालेल. त्याहून खोल पाहायचं तर डीव्हीडीतल्या चुका मोजणारे प्रोग्रॅम आहेत. डिस्कमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय आधीच घातलेली असते, त्यामुळे थोड्या चुका प्रत्येक डिस्कमध्ये असतातच. सलग आठ ब्लॉकमध्ये २८० ही मानकानं घालून दिलेली मर्यादा. चांगली लिहिलेली डिस्क त्याच्या कितीतरी खाली राहते, वाईट डिस्क पहिल्याच दिवशी तिच्याजवळ पोचलेली असते. प्लेअरवर त्या दिवशी दोन्ही सारख्याच चालतात. पाच वर्षांनी सारख्या चालत नाहीत.

हे सारं लग्नापुरतं नाही. २०१४च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांना २९६ मतांनी हरवलं. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर दाखल झाला का, हा वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रण व्हीसीडीवर समोर आलं. निवडणूक रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी हा निकाल कायम ठेवताना पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खालचं प्रमाणपत्र अशा प्रतीसाठी आवश्यक ठरवलं. आता १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमतही, म्हणजे तिच्या बाइटांवरून काढलेली खूण, लिहावी लागते. एक बाइट वाचता आला नाही तरी हॅश जुळत नाही. कोर्टात डिस्क द्यायची असेल तर सुट्टी, बिनछापाची स्वस्त डिस्क घेण्यात मोठा धोका आहे. एमआरआयची सीडी घेऊन मोठ्या इस्पितळात जाणाऱ्यांनीही निघण्याआधी ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

कपाटातल्या जुन्या डिस्कना आता हात लावायलाच हवा, कारण नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह येत नाही आणि जुने ड्राइव्ह एकेक करून मरत आहेत. सुरुवात कॅमेऱ्याच्या आठ सेंटिमीटरच्या मिनी डीव्हीडींपासून करावी. त्यांतल्या कित्येक फायनलाइज, म्हणजे लिहून शेवटी बंद केलेल्या, नसतात, म्हणून इतर प्लेअर त्यांना कोरं समजतात. मूळ कॅमेरा चालू असेल तर त्यातच फायनलाइज कराव्यात, नसेल तर आयसोबस्टर या प्रोग्रॅमनं वाचाव्यात. मग बिननावाच्या आणि लेबल चिकटवलेल्या डिस्क, शेवटी गडद निळ्या एझोच्या. डिस्क मधूनच बाहेर, सरळ रेषेत पुसावी. गोल पुसू नये. एका ड्राइव्हवर अडलेली डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर वाचली जाते, हे पुष्कळदा घडतं. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम पहिल्या ड्राइव्हनं काय वाचलं याची नोंद ठेवतो आणि दुसऱ्या ड्राइव्हवर फक्त राहिलेल्या जागा वाचतो. दोन अर्धवट प्रयत्नांतून एक पूर्ण प्रत उभी राहते. ती हार्ड डिस्कवर आणि शिवाय आणखी एका ठिकाणी ठेवावी. मूळ डिस्क टाकून देऊ नये. उभी, कव्हरमध्ये, उन्हापासून लांब ठेवावी. आज न वाचलेला भाग उद्या एखाद्या चांगल्या ड्राइव्हवर वाचला जाऊ शकतो.